ओळीचं शेपूट

१

माणसाची लायकी त्याच्या टर्मिनलवरून कळते, असं मी सत्तावीस वर्षं म्हणत आलोय आणि अजून तरी मला कुणी खोटं पाडलेलं नाही.

टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी. तिच्यात हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचा, की मशीन निमूट ऐकतं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, 'तुमची खात्री आहे ना' असली लाडीगोडी नाही. आमच्या वेळी ती खिडकी पडदाभर असायची आणि तिच्यासमोर माणूस ताठ बसायचा. आताच्या पोरांना सगळं एकाच ताटात लागतं. ज्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहायचा, त्याच्याच तळाशी चार बोटं रुंदीची काळी पट्टी उघडते. तेच यांचं टर्मिनल. वर प्रोग्राम, खाली हुकूम, डावीकडं फायलींची रांग. न्हाणीघरातच देवघर मांडल्यासारखा प्रकार.

आमची कंपनी औरंगपुऱ्यात, एका भांड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला आहे. नऊ माणसं. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबना रिपोर्टचं सॉफ्टवेअर पुरवतो. मालक हिमांशू, वय वर्षं बत्तीस, अक्कल त्याहून बरीच कमी. सगळ्यांनी एडिटरमधलंच टर्मिनल वापरायचं हा त्याचा नियम. मार्चमध्ये एक भानगड झाली, त्यानंतर तर त्यानं बाकीचे रस्ते बंदच केले. लॅबच्या मशीनपर्यंत पोचायचं तर त्या पट्टीतूनच, आणि एंटर दाबलेल्या प्रत्येक हुकुमाची नोंद राहणार. म्हणजे ज्या गोष्टीला मी आयुष्यभर नाक मुरडलं, तिच्यातच आता वाकून बघत बसायचं. करतो काय! पेन्शन नाही आणि वय पन्नाशीच्या पुढं.

एप्रिलचा दुसरा सोमवार, सकाळचे अकरा. मी रोजचं काम करत होतो: चाचणीच्या फोल्डरमधल्या, महिन्याहून जुन्या फायली काढून टाकायच्या. ओळ टाइप केली. एंटर दाबायच्या आधी चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि पट्टीकडं पाहिलं.

ओळीतलं शेवटचं अक्षर नव्हतं.

मला वाटलं, टाइपच झालं नसेल. तेवढ्यात त्याच्या अलीकडचं गेलं. मग त्याच्याही अलीकडचं. कुणीतरी बॅकस्पेस दाबत असावं तशी ओळ उजवीकडून खात खात आत आली. 'महिन्याहून जुन्या' गेलं. 'फक्त चाचणीच्या फोल्डरमधल्या' गेलं. उरला तो नुसता हुकूम, सगळं पुसण्याचा. तिथं येऊन ते थांबलं. कर्सर लुकलुकत राहिला.

माझा एक हात कपावर होता. दुसरा, इतक्या वर्षांच्या सवयीनं, एंटरकडं निघाला होता. तो मी ओढून घेतला.

२

बावळट माणसं अशा वेळी लिंबू-मिरची बांधतात. मी कीबोर्ड उलटा करून झटकला.

पोळीचे कण पडले, एक स्टेपलरची पिन पडली. बॅकस्पेसचं बटण उचकटून खाली फुंकर मारली, परत बसवलं. नवी ओळ टाइप केली. चारपाच क्षण काही झालं नाही आणि मग शेपूट जायला लागलं. तीन अक्षरं झपाझप, मग थोडी उसंत, मग एकेक करून सावकाश.

"संघपाल," मी शेजारच्या टेबलावर हाक मारली. संघपाल आमच्याकडचा त्यातल्या त्यात बरा, म्हणजे सांगितलेलं निदान ऐकून घेतो. "तुझा कीबोर्ड दे."

"सर, बोर्ड खराब असंल. आपले बोर्ड म्हणजे सगळे कंडम माल," तो म्हणाला आणि स्वतःचा काढून दिला. त्याच्यावरही तेच झालं. मग मी कीबोर्डची वायरच उपटली. वायर हातात लोंबत होती आणि पडद्यावर अक्षरं जात होती.

संघपाल वाकून बघत होता. "कुणी दुसरं घुसलंय का सर? पहिल्यासारखं शेअर चालू राहिलं असंल."

हा प्रश्न मलाही सुचला होता, त्याच्याआधी. पूर्वी आमची ती पट्टी सामायिक होती. एकाच्या एडिटरमध्ये जे टाइप होईल ते सगळ्यांच्या एडिटरमध्ये दिसायचं आणि कुणीही त्यात हात घालू शकायचा. मार्चनंतर हिमांशूनं ते बंद केलं. मी स्वतः तपासलं. कुठलीही जोडणी उघडी नव्हती, दुसरं कुणीही आत नव्हतं.

एडिटर बंद करून माझं जुनं, स्वतंत्र, पडदाभर टर्मिनल उघडलं. त्यात तासभर टाइप केलं. एक वेलांटी हलली नाही. म्हणजे दोष त्या पट्टीतच होता, आणि मी पहिल्यापासून काय सांगत होतो? मला त्या दिवशी चक्क समाधान वाटलं.

तरी मी वेळा टिपून ठेवल्या. कॅलेंडरच्या मागच्या पानावर, चार दिवस. सकाळी सात साडेसातला सुरू व्हायचं (मी मुद्दाम लवकर येऊन पाहिलं), दिवसभर चालायचं. मधे फक्त एकदा खंड पडायचा. दुपारी सव्वा ते दीड. त्या पंधरा मिनिटांत काहीही टाइप करा, ओळ जागची हलत नव्हती.

बिघाडाला जेवणाची सुट्टी असते हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

३

शुक्रवारी आप्पासाहेब आले.

जिन्यावरून आधी त्यांच्या चपलांचा आवाज आला, मग पांढरा सदरा, मग ते. साठीचे, उंच, हातात कापडी पिशवी. दारातल्या बाकावर बसले आणि कुणी विचारीपर्यंत बसूनच राहिले. ही गावाकडची रीत मला मनापासून नकोशी आहे. काम असेल तर बोलावं. भिंतीला टेकून माणसाच्या मानगुटीवर नजर लावून बसण्यात काय मोठेपणा आहे?

"कोण हवंय?" मी शेवटी विचारलं.

"तुम्हीच. मधुसूदन सर ना? मी प्रेरणाचा वडील. पिशोरहून आलो."

प्रेरणा आमच्याकडं चौदा महिने होती. मार्चमधल्या भानगडीनंतर तिला काढलं. मी खुर्ची फिरवली नाही.

"तिचं काय ते ऑफिसचं काम संपलं. कागदपत्रं हिमांशूकडं मागा."

"कागद तुमच्याकडूनच पायजे, सर." त्यांचा आवाज वाढला नाही. "दोन ओळी लिहून द्या. रिपोर्ट पोरीमुळं गेले नाय, एवढंच. मला कोर्टात जायचं नाय, नोकरी परत नको. घरी अद्रक हाय, मोसंबी हाय, देवाच्या दयेनं काय कमी नाय. फक्त तिला दाखवायला पायजे."

"दाखवून काय होणार आहे?"

ते जरा वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत बसले. "बोलत नाय ती. सोमवारपासून तर लईच वाढलंय. नुसती बसून राहती आन् बोट आपटती."

"काय आपटते?"

"बोट. हे असं." त्यांनी उजवा हात बाकाच्या फळीवर ठेवला. करंगळी जरा लांब करून, वरच्या कोपऱ्यात कुठंतरी, फळीवर आपटली. तीनदा झपाझप. थांबले. मग एकेक करून सावकाश. "उठल्यापासून झोपंपर्यंत. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणला मनाला लागलंय. दुपारी तिची आई हात धरून चारती ना, तेवढाच काय तो थांबतो."

मी विचारलं नाही की किती वाजता. विचारायचंच नव्हतं. त्यांनी आपणहूनच सांगितलं: "सव्वाला जेवती ती."

माझी नजर कॅलेंडरकडं गेली. पण मी काय करावं? एका शेतकऱ्याच्या फळीवरच्या टकटकीवर विश्वास ठेवून गुन्हा कबूल करावा? मी म्हणालो, "आज वेळ नाही. उद्या बघू."

"बरं," ते म्हणाले. "मी येतो उद्या."

४

आता ते सांगून टाकतो. मला सांगायला काही वाटत नाही. निदान तेव्हा वाटत नव्हतं.

पट्टी सामायिक होती तेव्हा माझा एक खेळ होता. ज्युनियर पोरं हुकूम टाइप करायला लागली की मी माझ्या जागेवरून बघायचो. काही फालतू दिसलं की एक शब्द न बोलता बॅकस्पेस. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची अक्षरं जायची. कुणी हात वर करून हसायचं, कुणी रागवायचं. प्रेरणा फक्त पुन्हा टाइप करायची. तीच ओळ, तशीच. मी पुसायचो, ती लिहायची. एकदा आमचं असं नऊ वेळा झालं आणि अख्खं ऑफिस काम टाकून बघत होतं. शेवटी ती थकली. मी नाही.

तिच्या ओळी लांब असायच्या. प्रत्येक हुकुमाला शेपूट: फक्त इथलं, फक्त एवढ्या दिवसांचं, फक्त असं असेल तर. घाबरट माणसाचं लिखाण असं असतं. देवळात जाताना चपलेला दोरी बांधणारी जात ही.

मार्चमध्ये त्या दुपारी बाकी सगळे जेवायला खाली गेले होते. तिनं पुसण्याचा हुकूम लिहिला आणि मागं तिचं ते वीतभर शेपूट लावलं. मला वाटलं, आपण चाचणीच्या मशीनवर आहोत. तिथं काय राखून ठेवायचंय? त्या एडिटरमध्ये चाचणीची पट्टी आणि खऱ्या मशीनची पट्टी सारखीच दिसते, दोन्हीकडं नाव एकच, 'ऑफिस'. वेगळ्या खिडक्या असत्या तर ही वेळच आली नसती. मी शेपूट पुसलं आणि एंटरही मीच दाबला.

अकरा लॅबचे तीन दिवसांचे रिपोर्ट गेले. हजाराच्या वर माणसांना परत बोलावून सुया टोचल्या. कन्नडच्या लॅबमध्ये एका तान्ह्या बाळाला चौघांनी धरलं, त्याचा व्हिडिओ फिरला.

तीन टेबलांपलीकडून ती माझ्याकडं बघत होती. फक्त म्हणाली, "सर."

हिमांशू आला तेव्हा तिनं सांगितलं की शेवट तिनं लिहिला होता, तो कुणीतरी काढला. जोडणी तिच्या टेबलावरून उघडलेली होती. लॉगिनचं नाव सगळ्यांचं एकच. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"ओळ तिची होती," मी म्हणालो.

यात खोटं काय आहे, ते कुणीही दाखवून द्यावं.

पुढं लॅबवाल्यांच्या ग्रुपवर तिचं नाव, फोटो, सगळं गेलं. सगळ्या लॅबच्या लोकांसमोर उभं राहून तिला माफी मागावी लागली. मी त्या मीटिंगला होतो. मागच्या रांगेत.

५

रविवारी घरी होतो, ज्योतीनगरला. हिमांशूचा एडिटर घरच्या लॅपटॉपवरही आहे.

मनात किडा शिरला की मला तो चिमट्यानं काढल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून विचार केला, वायफाय बंद. राउटरचा प्लगच काढला. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आता पिशोरहून काय, शेजारच्या फ्लॅटमधूनही कुणी आत येऊ शकत नव्हतं. एडिटर उघडला, खालची पट्टी वर ओढली आणि तिच्यात घरातल्या वस्तूंची नावं टाइप केली. खुर्ची, टेबल, पंखा, खिडकी. एंटर नाही दाबला.

तेवढ्यात वीज गेली. पंखा मंदावत थांबला, फ्रिजची घरघर बंद झाली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. घर इतकं शांत झालं की खालच्या नळाचं ठिबकणं ऐकू यायला लागलं.

'खिडकी'तली शेवटची वेलांटी गेली. मग क. ड. मराठीत बॅकस्पेस दाबला की आधी काना-वेलांटी जाते, मग अक्षर. म्हणजे शब्द जायला दुप्पट वेळ लागतो. मी दोन्ही हातांनी चहाचा कप घट्ट धरून बसलो होतो आणि बघत होतो.

आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला आवाज आला. कीबोर्डचा नव्हता. मऊ, बसका आवाज, गादीवर बोट आपटावं तसा. 'पंखा'चा काना गेला, ठप्. ख गेला, ठप्. आवाज लॅपटॉपमधून येत होता असं म्हणता येणार नाही. खोलीतच कुठंतरी होता, बसलेल्या माणसाच्या मांडीच्या उंचीवर.

मी स्वतःला समजावलं. कान वाजत असतील. वय झालंय, रक्तदाब आहे. शुक्रवारी म्हाताऱ्यानं डोक्यात जे भरलं ते आता ऐकू येतंय. बुद्धी शाबूत असलेल्या माणसाला एवढं कळतं.

स्वयंपाकघरातून बायको ओरडली. मनस्विनी शाळेत गणित शिकवते. भुताखेतांवर तिचा माझ्याहून कमी विश्वास.

"अहो, बोट काय आपटताय सकाळपासून? डोकं उठलं माझं!"

कप खाली ठेवायचीही मला भीती वाटली. ठेवला असता तर माझे हात मोकळे दिसले असते, आणि मग तो आवाज कुणाचा, हा प्रश्न उरला असता.

सव्वा वाजला तेव्हा पट्टीत 'खु' एवढंच शिल्लक होतं.

"थांबलात एकदाचे," ती आतून म्हणाली. "चला, पानं घेतलीत."

६

सोमवारी आप्पासाहेब बाकावर होते. ते शनिवारीही येऊन गेले होते, मी नसताना. मंगळवारी आले. रोज अकराला येणार, चारला उठणार. दुपारी पिशवीतून भाकरी काढून जिन्यात बसून खाणार. हिमांशू त्यांना चहा पाजायचा आणि माझ्याकडं बघून खांदे उडवायचा. संघपाल एकदा म्हणाला, "सर, देऊन टाका ना लिहून. तुमचं काय जातंय?"

काय जातंय! ह्या पोरांना नाव म्हणजे काय ते माहीतच नाही. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एक फाइल इकडची तिकडं झाली नाही, हे या शहरातल्या दहा कंपन्यांना माहीत आहे. तेवढंच तर माझ्याकडं आहे. ते एका पिशोरच्या पोरीच्या करंगळीसाठी देऊन टाकू?

पण मला झोप लागत नव्हती हेही खरं. जेवताना मनस्विनीनं पोळपाटावर लाटणं आपटलं तरी दचकायचो. कुठंतरी ते ओकून टाकायला हवं होतं.

मंगळवारी दुपारी मी पट्टी उघडली आणि टाइप केलं: रिपोर्ट प्रेरणाच्या चुकीनं गेले नव्हते. तिची ओळ बरोबर होती. तिचा शेवट मी पुसला आणि एंटर मी दाबला. मधुसूदन.

एंटर दाबला नाही. मला ठाऊक होतं काय होणार. माझं नाव आधी गेलं. मग 'दाबला', मग 'मी'. पाच मिनिटांत पट्टी स्वच्छ. नोंद राहायचा प्रश्नच नव्हता.

आणि मला बरं वाटलं, इतकं बरं महिन्यात वाटलं नव्हतं. खरं ते लिहिलं होतं आणि कुणाला दिसलं नव्हतं. यापरतं सोयीचं काय असणार?

त्या दिवशी मी ते चारदा लिहिलं. बुधवारी सहादा. प्रत्येक वेळी ती पुसायची. होय, 'ती' म्हणायला लागलो होतो. खेळ तोच होता, फक्त आता लिहिणारा मी होतो. बाकावर म्हातारा बसलेला, त्याच्याकडं माझी पाठ, आणि त्याला जे कागदावर हवं होतं ते त्याच्यापासून दहा फुटांवर पुनःपुन्हा लिहिलं जात होतं, पुसलं जात होतं. यात जी मजा होती ती होती. मी नाकारत नाही.

एकदाच मनात आलं, की पुसणारीला वाचता येत असेल का. पुसताना ती वाचत असेल का. असेल, तर मग ती का थांबत नाही? तिला हवं ते तिच्याच बोटाखालून जातंय. हात धरल्याशिवाय बहुतेक तिला थांबताच येत नव्हतं.

मी तो विचार तिथंच सोडून दिला.

७

गुरुवारी दुपारी तीनचा सुमार. हिमांशू कुठल्याशा लॅबला गेला होता, संघपाल आणि बाकीचे खाली चहाला. खालच्या दुकानात कुणीतरी पितळी घागर वाजवून पाहत होतं. मी पट्टी उघडली, माझ्या तीन वाक्यांची ओळ लिहिली, नाव लिहिलं आणि खुर्चीला टेकलो.

काही गेलं नाही.

मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून चार मिनिटं, जेवणाची वेळ नव्हती. दहापर्यंत मोजलं, साठपर्यंत मोजलं. ओळ जशीच्या तशी. त्या पट्टीत मराठी अक्षरं विस्कटून दिसतात, काने बाजूला सरकतात, पण वाचता येतात. शेवटी माझं नाव होतं आणि नावापुढं कर्सर लुकलुकत होता. एवढे दिवस ओळ जाते म्हणून भ्यायलो होतो, आणि आता जात नाही म्हणून घाबरलो.

"रिपोर्ट... प्रेरणाच्या... चुकीनं..."

आप्पासाहेब माझ्या मागं उभे होते. कधी उठले ते कळलं नाही. एकेक अक्षर जुळवत, हळूहळू, ते मोठ्यानं वाचत होते. त्यांना वाचता येत असेल असं मी धरलंच नव्हतं. शेवटपर्यंत वाचलं. माझं नावसुद्धा वाचलं.

मला वाटलं, आता आरडाओरडा करतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड, उबदार हात.

"लई उपकार झाले, सर."

मग सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढून घरी लावला. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर टाकून माझ्या टेबलावर ठेवला. पलीकडं द्वारकाबाई, प्रेरणाची आई. दबक्या आवाजात बोलत होत्या.

"हळू बोला. आत्ता डोळा लागला तिचा. बसल्या बसल्या आडवी झाली."

"आन् हात?"

"निवांत हाय. छातीवर घेऊन निजली. दहा दिसांनी पोरगी गाढ झोपली, अहो."

"लिहिलं सरांनी," आप्पासाहेब म्हणाले. "पुरतं लिहिलंय. नावासकट. तू थांब, फोन ठिवू नको." माझ्याकडं वळून म्हणाले, "आता हेच कागदावर उतरवा सर, तुमच्या हातानं. ती उठली की मी तिच्या हातात देतो."

कागद काढायला ते बाकावरच्या पिशवीकडं गेले, पाठमोरे वाकले.

माझं डोकं तेव्हा अगदी स्वच्छ चालत होतं, हे मी नमूद करतो. एंटर दाबलेला नव्हता, म्हणजे नोंद नव्हती. वाचणारा एकटा हा म्हातारा. त्याच्या शब्दाला इथं विचारतं कोण? कागदावर एकदा सही गेली की ती माघारी येत नाही. पडद्यावरचं अजून माझ्या हातात होतं. आणि पोरगी झोपलीच होती. झोपली म्हणजे बरीच झाली. आता तिला कागदाची गरज तरी काय?

मी करंगळी लांब केली आणि बॅकस्पेस दाबला.

माझ्या नावातला न गेला. द गेला. उकार गेला. तीन अक्षरं झपाझप, आणि मग मी सावकाश, आवाज होऊ नये म्हणून, एकेक. नाव संपलं. 'दाबला' गेलं. टेबलावरच्या फोनमधून काहीतरी ऐकू यायला लागलं, ठप्, ठप्, गादीवरच्यासारखं. मी दाबलं की ते व्हायचं. मी बोट उचललं की थांबायचं. हे मला कळलं. कळूनही मी आणखी एक शब्द पुसला.

"अहो." फोनमधून द्वारकाबाईंचा आवाज आला, आता दबका नव्हता. "अहो, ही उठून बसली. डोळे मिटलेलेच हायेत."

आप्पासाहेब कोरा कागद हातात धरून वळले.

"बोलली का काय?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांनी मुलगी बोलली म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं.

"बोलली," बाई म्हणाल्या. "सर पुसायलेत म्हणती."

ते पडद्याकडं बघायला पुढं आले नाहीत. तिथूनच त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं, आणि मला तो उचलता आला नाही.